मोदुगकुंट्याचं हिरवं पाणी

"माधवी, असशील तशी नीघ. कुंट्यात कुणीतरी विष कालवलंय!"

एकनाथमामांचा फोन म्हणजे हुकूमच. रेल्वेतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण आवाजातला साहेब काही निवृत्त झाला नव्हता. माधवीनं हैदराबादेतल्या तारनाक्याच्या घरी उकळता चहा तसाच ठेवून गॅस बंद केला, नमुन्यांची पेटी उचलली आणि गाडी काढली. सरकारी प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. त्यामुळे नात्यात कुणाचा नळ गढूळ आला तरी फोन तिलाच.

मोदुगकुंटा घटकेसरच्या पुढे. कुंटा म्हणजे तळंच, पण जन्म हैदराबादेत गेलेल्या मराठी माणसाच्या तोंडी तळं येत नाही. कुंट्याच्या काठची उताराची जमीन मामांची. घराण्याची शेती बीदरकडे आजोबांच्या वेळीच सुटली होती. मामांनी निवृत्तीनंतर हौसेनं ही जमीन घेतली आणि दारावर 'शंभर टक्के सेंद्रिय' अशी पाटी ठोकली. चिक्कडपल्लीतली निम्मी मराठी घरं त्यांची भाजी खायची. यंदा दसऱ्याला प्रत्येक दारावर आपल्याच झेंडूचं तोरण लागणार, असं त्यांनी मराठी मंडळाच्या सभेत छातीवर हात मारून सांगितलं होतं. आता दसरा तोंडावर आला होता.

मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"हे मल्लेशचं काम," ते म्हणाले. "शेजारचं भात त्याचं. पाण्यावरून मच्छीमार संघाशी त्याचं भांडण आहे. काल मासे मरून वर आले आणि त्याच्या बांधाजवळ कीडनाशक औषधाचा डबा सापडला. मीच तक्रार दिली. ठाण्यात बसवलाय त्याला. तू फक्त विष म्हणून लिहून दे."

"डबा तुम्ही पाहिलात?"

"संघाची माणसं दाखवायला घेऊन आली होती."

"आणि कुंटा?"

"या गुडघ्यांनी? जूनपासून उतार उतरलो नाही मी. खालचं सगळं तुझी मामी बघते."

इंदुमामी उप्पिटाची ताटली घेऊन बाहेर आल्या. मंडळातल्या कुणाच्याही बाळंतपणाला, आजारपणाला जेवणाचा पहिला डबा यांचा. आज मात्र ताटलीबरोबर चमचा द्यायचाही त्या विसरल्या.

"त्याला आज सोडतील का गं?"

"कुणाला, मामी?"

"मल्लेशला."

"सोडतील कशाला!" मामा कडाडले. "चांगली अद्दल घडू दे!"

मामी आत गेल्या.

माधवी उतार उतरली. झेंडू कमरेच्या वर गेला होता. काळपट हिरवा, पाल्यानं गच्च, काही झाडं तर स्वतःच्याच भारानं आडवी झालेली. फुलं मात्र शोधून काढावी लागत होती. सऱ्या सरळ वरून खाली, थेट पाण्यापर्यंत ओढलेल्या. काठचं गवत खरवडून जागा अंगणासारखी लख्ख केलेली.

पाणी पाहून ती थबकली. कुणी हिरवा रंग ओतावा तसा दाट थर आला होता. कटला, रोहू, सगळे मोठे मासे तोंड उघडं टाकून मेलेले. पण ओढा जिथे कुंट्यात येतो तिथे बोटाएवढी पिल्लं सुळसुळत होती. काठावर बगळे मेलेल्या माशांवर ताव मारत होते. बेडूक डरांव डरांव करत होते.

तिनं नमुने भरले आणि परत वर आली. शेडमध्ये झेंडू भरायला पिशव्या रचून ठेवल्या होत्या. खताच्या पोत्यांच्या, पण उलटून शिवलेल्या. कोरी बाजू बाहेर, छाप आत. शिवण मशीनची आणि सुबक.

"मामी, पिशव्या छान झाल्यात की!" शेडच्या दारात आलेल्या मामींना ती म्हणाली.

मामींनी नुसती मान हलवली. एरवी कौतुक केलं की अर्धा तास बोलणाऱ्या मामी!

*

ठाण्यात इन्स्पेक्टर श्रीशैलम यांनी डबा टेबलावर ठेवला. "देखो मॅडम. सबूत."

डब्याचं तोंड पत्र्याच्या कात्रीनं कापलेलं होतं. कडा गंजलेली, वर तारेची मूठ, बुडाशी वाळलेला चिखल.

"हे तर पाणी उपसायचं भांडं आहे. कितीतरी वर्षं वापरातलं."

"हौ, पण आणखी एक बात है. यंदा युरियाला केवढ्या रांगा! लोग परेशान. पण दुकानदार म्हणतो, मल्लेशनं रांगेत उभं राहून पुनःपुन्हा युरिया उचलला. डीएपी खत बी. पोती घरात नाहीत. कुठं गेली विचारलं तर बातच नै करता."

मल्लेश कोपऱ्यात उकिडवा बसला होता. माधवीनं त्याला तेलुगूत विचारलं, "युरिया कुठे टाकलास?"

"शेतात."

"कुणाच्या?"

त्यानं मान खाली घातली.

"मल्लेश, तुझ्या भाताला पाणी कुठून येतं?"

"सारूंच्या बोअरचं."

"सारू म्हणजे एकनाथराव?"

"हां."

"बोलला नाहीस तर कोर्टात उभं करतील तुला. कळतंय ना?"

"कळतंय," तो म्हणाला.

माधवी श्रीशैलमकडे वळली. "याला जीपमध्ये घ्या. पंचनामा शेतावर करू."

वाटेत मल्लेशच्या बांधाशी तिनं जीप थांबवायला लावली. त्याचं भात फिकट, पिवळसर, खुरटलेलं होतं. श्रीशैलमनी एकदा त्या भाताकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

मल्लेशला फाटकाशी जीपमध्येच ठेवून दोघं ओसरीवर आले. मामा सरसावून बसले. "मग? विषच ना?"

"विष नाही, मामा. विष असतं तर पिल्लंही मेली असती, बेडूक गप्प झाले असते, मासे खाणारे बगळे लोळले असते. हे मासे गुदमरून मेले."

"पाण्यात? गुदमरून?"

"खत पाण्यात गेलं की शेवाळ माजतं. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच ओढून घेतं. त्यात गेले काही दिवस आभाळ गच्च, ऊन नाही. पहाटेपर्यंत प्राणवायू संपला. मोठ्या माशांना जास्त लागतो, ते आधी गेले. पिल्लं ओढ्याच्या वाहत्या पाण्यात वाचली."

"मग मल्लेशच! इन्स्पेक्टर म्हणाले फोनवर, युरिया उचललाय त्यानं."

"उचललाय. पण त्याचं भात युरियासाठी तरसतंय, पिवळं पडलंय. हिरवंगार काय आहे या काठावर? तुमचा झेंडू. फूल कमी आणि पाला फार, हे जास्तीच्या खताचं लक्षण. तुमच्या सऱ्या उताराला आडव्या हव्या होत्या, त्या सरळ खाली ओढल्यात. पावसानं सगळं खत थेट कुंट्यात नेलं. काठचं गवत असतं तर थोडं अडलं असतं, तेही खरवडलंत."

"सऱ्या मी सांगितल्या," मामा चाचरले. "पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून. गवतही... फोटोत नीट दिसावं म्हणून. पण खत? अगं, माझ्या शेतात खताचा दाणा नाही! पाटी आहे तशी!"

"पाटी आहे म्हणूनच पोती उलटून शिवली. गावात सगळेच पोती वापरतात, छाप झाकत कुणी बसत नाही. आणि तुम्ही जूनपासून खाली उतरला नाहीत."

मामांनी हळूहळू मान वळवली. दाराच्या चौकटीला धरून इंदुमामी उभ्या होत्या.

"मी टाकलं," त्या म्हणाल्या.

"इंदू?"

"रोपं पिवळी पडली होती. तुम्ही सगळ्या मंडळाला शब्द देऊन बसलात. फुलं आली नसती तर तुम्ही तोंड लपवून बसला असता. म्हणून एक पोतं टाकलं. पाला आला, कळ्या येईनात. वाटलं कमी पडलं, म्हणून आणखी टाकलं. मग आणखी. मला काय ठाऊक, त्यानंच फुलं लांबतात! मी कधी शेत केलंय? मल्लेशला म्हटलं, तुझ्या नावावर आणून दे, सारूंना सांगू नकोस. बोअर आपली. तो नाही कसा म्हणेल?"

"आणि त्याला ठाण्यात नेलं तेव्हा?" माधवीनं विचारलं.

"तेव्हा मी खिडकीत होते." त्यांनी पदर तोंडाला लावला. "बोलायचं होतं, माधवी. तोंडच उघडेना. त्याची बायको दारात येऊन रडली. मी तिला चहा दिला गं. चहा दिला आणि आत आले!"

माधवीला मामींकडे बघवेना. लहानपणी ताप आला की याच बाईनं रात्ररात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. शरमेनं तिचीच कानशिलं तापली.

मामांनी खालच्या आवाजात विचारलं, "हे असंच लिहायला हवं का गं? कारण समजलं नाही, असं लिही. मल्लेश सुटेल, आपलंही राहील. मंडळात काय तोंड दाखवू मी?"

"मामा, कारण कळलं नाही तर संघाची माणसं जन्मभर त्यालाच धरतील."

मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. श्रीशैलमनी कागद पुढे केला. मामांनी तक्रार मागे घेतल्याची सही केली आणि तसेच खाली बघत बसून राहिले.

जीपमधला हवालदार मल्लेशला फाटकातून वर घेऊन आला. ओसरीवर काय झालं हे मल्लेशला ठाऊक नव्हतं. त्यानं कागद पाहिला, श्रीशैलमना पाहिलं, मग रडणाऱ्या मामींना पाहिलं आणि घाबरून हात जोडले.

"अम्मा, मी नाही सांगितलं," तो म्हणाला. "देवाची आण, अम्मा, तुमचं नाव मी कुणालाच सांगितलं नाही."

मामी आणखीच रडू लागल्या. मल्लेश त्यांची समजूत घालत राहिला, आणि ओसरीवरच्या एकाचीही त्याच्याकडे मान वर करून बघायची हिंमत झाली नाही.