खुरपं लागलेले बटाटे

काळ्या दगडांच्या बांधावरून डान्बीनं शेतात उडी मारली, तेव्हा वारा इतका होता की तिची टोपी तिच्या आधीच आत पोहोचली. समोर काळ्या मातीवर बटाटेच बटाटे लोळत होते. काढणी झाल्यावर मागं राहिलेलं कुणीही वेचून न्यावं, अशी जेजू बेटाची रीत तिला लोकांनी सांगितली होती. पण इतकं मागं राहतं, हे कुणी बोललं नव्हतं! ती दोन्ही हातांनी पिशवी भरायला लागली.

"मोठे मोठे घ्या," मागून आवाज आला. "लहान आम्ही ठेवून घेऊ."

ती दचकून वळली. हातात खुरपं, केसांत माती आणि हसू दाबून लाल झालेला एक उंच तरुण उभा होता.

"हे... मागं राहिलेले नाहीत?"

"तासाभरापूर्वी काढलेत. वाऱ्यावर सुकायला ठेवलेत, बाई!"

आपण याच मातीत स्वतःला पुरून घ्यावं, असं डान्बीला वाटलं. ती एकेक बटाटा मुकाट्यानं खाली ठेवू लागली.

"तो तिथला नव्हता," तो गंभीरपणे म्हणाला. "त्या दगडापाशी होता."

"खरंच?"

"नाही हो!" आणि तो असा खदखदून हसला, की तिलाही हसू आवरेना.

त्याचं नाव तेग्यू. शेत त्याचं आणि त्याच्या आईचं. त्यानं बाजूच्या टोपलीतले आठ-दहा बटाटे तिच्या पिशवीत टाकले. प्रत्येकावर खुरप्याचा घाव होता. "हे बाजारात कुणी घेत नाही. शेजाऱ्यांना वाटून टाकतो."

"मी कुठली शेजारीण?"

"बांध ओलांडून आलात की."

डान्बी सोलमधली चांगली नोकरी सोडून इथं आली होती ती समुद्रात बुडी मारायला शिकायला. या गावातल्या बायका पाठीवर हवेची टाकी न घेता, नुसत्या छातीतल्या श्वासावर तळाशी जातात आणि शंख-शिंपले काढतात. शिकवणीची फी आणि खोलीचं भाडं दिलं की जेवायला फारसं उरत नसे. त्यातून ती भलतीच काटकुळी. गावातल्या बुडी मारणाऱ्या बायकांतली सर्वांत जुनी गो आजी, तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "पोरी, थंड पाणी आधी माणसाच्या अंगावरचं मांस खातं, मग हाडं. तुझ्याकडं त्याला द्यायला आहेच काय? वसंतात मोहरीची पिवळी फुलं फुलेपर्यंत अंग धर. तीन तास आमच्याबरोबर पाण्यात टिकलीस तर आमची. नाहीतर सोलचं विमान आहेच."

हे तिनं तेग्यूला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मग खाता काय?"

"कोबीचं सूप. आणि पाकिटातल्या शेवया."

"अरेरे... कोबीनं पोट भरतं, अंग भरत नाही. आणि त्या शेवया पहिल्या दोन बुड्यांतच संपत असतील."

त्या दिवसापासून तिची चूल बदलली. तांदळात निम्मे जव आणि मूठभर भिजवलेले सोयाबीन. वरून एक चमचा तिळाचं तेल. बाजार उठता उठता मिळणारा खारवलेला बांगडा, डोक्यासकट. खिशात भुईमूग, येता-जाता तोंडात टाकायला. आणि बटाटे, सालासकट उकडलेले, रोज! जेजूत बटाटे हिवाळाभर लागतील तसे काढतात, त्यामुळं दर तीन दिवसांनी तेग्यू टोपली घेऊन दारात उभा. डान्बीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अख्खे आणलेत तर परत पाठवीन. मी फुकटचं खाणार नाही. फक्त टाकाऊच घेईन."

"हो, हो. टाकाऊच."

महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं. एका दुपारी ती धावतच शेतावर आली.

"तेग्यू! माझा रबरी पोशाख कमरेत घट्ट होतोय!"

"बघू, गोल फीर जरा." ती फिरली. तो बघतच राहिला... जरा जास्तच वेळ. मग खाली मातीकडं बघत म्हणाला, "जाड झाल्याचं स्वतःच सांगून लाजणारी मुलगी पहिल्यांदाच बघतोय."

"मी लाजत नाहीये. वारा लागतोय गालांना."

"हो, इथला वारा तसाच आहे. मलाही लागतोय."

फुलं फुलायला आठवडा उरला होता. डान्बी टोपलीतले बटाटे धुवायला बसली आणि तिचा हात थांबला. शेतात खुरपं लागलं की घावात माती जाते, कड सुकून काळपट होते. हे घाव पांढरेशुभ्र होते, ओले होते. त्यांत मातीचा कण नव्हता.

ती टोपली उचलून तडक शेतावर गेली. बांधाशी पोहोचली तोच तेग्यूच्या आईचा आवाज कानावर आला. "गावात तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता रे! आणि या हिवाळ्यात दर तिसऱ्या बटाट्याला खुरपं? आंधळा झालायस की काय?" मग आईची नजर डान्बीवर पडली. ती गालात हसत आपली टोपली उचलून निघून गेली.

"तू मुद्दाम कापतोस," डान्बी म्हणाली.

"मी... तू अख्खे घेत नाहीस ना... म्हणून..."

"माझी दया येते तुला?"

"दया?" तो पहिल्यांदाच चिडला. "दया कसली! माझा स्वार्थ आहे त्यात. तू बारीक राहिलीस तर गो आजी तुला सोलच्या विमानात बसवेल. आणि मग मी... मी या बेटावर काय करू?"

वारा त्या दोघांमधून सरळ वाहत गेला.

"आधी पाणी," ती कशीबशी म्हणाली. "मग उत्तर."

परीक्षेच्या दिवशी समुद्र करडा होता. बांधांलगत पिवळी फुलं डोलत होती. पहिला तास डान्बी बरी होती. दुसऱ्या तासाला बोटं बधिर झाली, पण पोटात सकाळचा जवाचा भात निखाऱ्यासारखा ऊब देत होता. तिसऱ्या तासाला ती वर आली आणि तिच्या तोंडून आपसूक तीच लांब शीळ निघाली, जी इथल्या बायका वर येताना श्वासाबरोबर सोडतात. शेजारी गो आजीनं मान वळवून पाहिलं.

किनाऱ्यावर दगडी कुंपणात शेकोटी पेटली होती. बायका आपापल्या ठरलेल्या जागी बसल्या. डान्बी कुडकुडत उभीच राहिली. कुणी बोलावल्याशिवाय तिथं बसत नाहीत.

"उभी काय?" गो आजी ओरडली. "धुराच्या बाजूला बस. नवखीची जागा तीच."

डान्बी बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि धुराच्या नावावर सगळं खपून गेलं.

शेकोटीच्या कुंपणात पुरुषांना मनाई. म्हणून बाहेरून फक्त एक आवाज आला, "डान्बी! ...काय झालं?"

"टिकली!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

"आणि... आणि माझं उत्तर?"

कुणीतरी खुसखुसलं. डान्बी उठली, चवड्यांवर उभी राहिली. दगडांवरून तिला फक्त त्याचे विस्कटलेले केस दिसले.

"हो!" ती म्हणाली.

वारा फार होता, म्हणून तिनं ते पुन्हा एकदा जोरात म्हटलं. खरं तर त्यानं ते पहिल्या वेळीच ऐकलं होतं.