शेवटच्या ‘आणि’च्या आधी

या, असे जवळ सरका. ऑक्सफर्डच्या कालव्याकाठच्या एका छापखान्यातली गोष्ट सांगतो... प्रेमाची आहे, म्हणून हळू आवाजात.

तिथल्या तपासणीच्या खोलीत माणसं जोडीनं बसत. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, समोरच्यानं छापील कागदावरच्या चुका टिपायच्या. वाचणारा स्वल्पविरामसुद्धा म्हणून दाखवी, त्यामुळे सगळं एका सुरावर चाले, थेट नामस्मरणासारखं. हेस्टर प्लमर वाची, आल्बन थ्रॉसेल टिपी. दोघांचे डोळे कागदावर. भक्ताला देव दिसू नये, नुसता जवळ असल्याचं कळावं, तशी तिची गत. त्याचं वाकलेलं कपाळ आणि शाईचं बोट, एवढंच तिच्या वाट्याचं दर्शन.

आल्बन मँचेस्टरच्या वर्तमानपत्रातून आलेला. तिथं यादीतल्या शेवटच्या ‘आणि’आधी स्वल्पविराम देत नसत. इथं तो दिलाच पाहिजे, असा दंडक. आल्बन काही तो देईना. त्याच्या बापानं हयातभर छपाईचे खिळे जुळवले होते. बापानं शिकवलेलं मोडणं आल्बनच्या जिवावर येई.

चहाच्या वेळी तो हेस्टरला म्हणाला, “‘आणि’ जोडायलाच बसलाय ना? मग त्याच्या दारात फाटक कशाला?”

“वाटाणे, हॅम आणि अंडी,” ती कपात बघत म्हणाली. “तुमच्या रीतीनं हॅम-अंडी एका ताटात बसली. वाटाणे बिचारे दारात उभे.”

“वाटाण्यांची फारच काळजी तुम्हाला, मिस प्लमर.”

“एकट्या पडणाऱ्यांची वाटते...”

तो हसला नाही. चहा मात्र उगाच ढवळत राहिला.

अखेर मुख्य तपासनीस थ्रिपसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, स्वल्पविराम द्या, नाहीतर दुसरीकडे बघा. आल्बननं मँचेस्टरला कळवलं. जुनी जागा मिळाली. हेस्टर रोज ठरवी, आज बोलायचं. पण त्या खोलीत कागदावर नसलेलं एकही अक्षर उच्चारायची रीत नव्हती, आणि बाहेर पडलं की तिच्या तोंडून हवापाण्याशिवाय काही निघत नसे. रविवारी चर्चमध्ये ती स्तोत्र गाई तेव्हा देवापाशी एवढंच मागे, की मला शब्द दे.

जाण्याचा दिवस उजाडला. छापखान्याची चाल अशी, की कुणी कायमचं निघालं की सगळ्यांनी पट्ट्या, हातोड्या, हाताला लागेल ते टेबलावर बडवायचं. आल्बन टोपी घेऊन उठला आणि एकच दणदणाट झाला. थ्रिपसाहेबसुद्धा पेपरवेट आपटत होते. हेस्टरचे हात तेवढे मांडीवर.

शेजारच्यानं तिला कोपरानं ढोसलं. ती हलली नाही. आल्बन दारातून मागे फिरला, तिच्या टेबलाशी आला. गलका हळूहळू थांबला.

“माझ्यासाठी नाही वाजवायचं?”

हेस्टरनं मान वर केली. त्याचे डोळे करडे होते. इतक्या दिवसांत तिला ठाऊकच नव्हतं.

“वाजवलं तर... तुम्ही गेलात असं होईल,” ती म्हणाली. “ते मला सोसायचं नाही.”

सगळी खोली ऐकत होती. आल्बननं टोपी दोन्ही हातांत फिरवली.

“गाडी तर धरावी लागेल,” तो म्हणाला. “शब्द दिलाय त्यांना.” मग अगदी खालच्या आवाजात, “पण तुमच्यापुरता मी निघालेलो नाही, हेस्टर. रविवारी येतो. याल स्टेशनवर?”

तिनं होकाराची मान हलवली, आणि तो गेला.

बाबांनो, कधी कुणाला निरोप देताना सगळे टाळ्या पिटत असतील आणि एखादीचे हात जागचे हलत नसतील, तर तिला नावं ठेवू नका. हेस्टरची आठवण करा.