जिन्यातला दिवा

खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला काय कळतंय, या भरवशावर दातांची डॉक्टर आणि तिच्या मदतनीस मावशी रोज मनसोक्त गप्पा मारत. दवाखाना परमुलखातला, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पेशंट सगळे तिथलेच. आपली भाषा समजणारं माणूस त्या खुर्चीत कधी बसलंच नव्हतं, त्यामुळे दोघींच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

त्या दुपारी खुर्चीत एक लांब नाकाचा तरुण होता. फुटकी दाढ घेऊन वेळ न ठरवताच आलेला. आडनावावरून कुठला ते कळत नव्हतं आणि इथल्या भाषेत ‘दुखतंय’ याखेरीज तो काही बोलला नव्हता.

“दाढेची पार वाट लावलीय यानं,” भुलीचं इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाली.

“डोळे मात्र बरे आहेत हो,” मावशी म्हणाल्या. “नाकाचं काही करता आलं असतं तर…”

“नाक माझ्याकडे येत नाही, मावशी. बरं, ते राहू द्या. आईचा फोन आला होता. जिन्यातला दिवा अजून बंदच आहे. इमारतीत एवढी तरणी पोरं राहतात, पण म्हातारी माणसं अंधारात चढतात याचं एकालाही काही नाही. सगळी आपली फोनमध्ये डोकं घालून बसलेली. माणुसकी म्हणून उरली नाही तिकडे. बिघडला आपला देश.”

खुर्चीतल्या पोराची भुवई वर गेली. दुखतंय का, तिनं इथल्या भाषेत विचारलं. त्यानं मान हलवली. तिनं पुन्हा यंत्र हातात घेतलं आणि तिकडचे रस्ते, तिकडचे पुढारी, तिकडची हल्लीची मुलं यांचा यथास्थित उद्धार करत त्याच्या दाढेचं त्या दिवसापुरतं काम उरकलं.

तो उठून बसला. चूळ भरली. अर्धा ओठ बधिर, तरी एकेक शब्द नीट जुळवत तो म्हणाला, “डॉक्टर… नाकाचं राहू द्या. पण आईंचा पत्ता दिलात तर दिवा मी बदलेन. त्या तरण्या पोरांतलाच आहे मी. तिकडचाच.”

मावशी हातातला ट्रे घेऊन आतल्या खोलीत गेल्या त्या गेल्याच. डॉक्टर बिचारी जाणार कुठे? धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. मास्क होता म्हणून निम्मं तोंड तरी झाकलेलं होतं.

“तुम्ही… मधेच सांगायचंत ना.”

“कसं सांगणार? तुमचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते.”

तिला हसू आलं. त्यालाही आलं, पण ते एकाच बाजूनं. नेमकं तेच एका बाजूचं हसू तिच्या मनात घर करून बसलं.

तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आला होता. काही महिन्यांचं काम, मग परत. मावशींनी त्याचं नाव ‘दाढवाले’ ठेवलं. रूट कॅनलचं काम दोन फेऱ्यांत होण्यासारखं होतं. डॉक्टरनं त्याच्या चार केल्या आणि मावशी गालातल्या गालात हसत तारखा देत राहिल्या.

मग दवाखाना बंद व्हायच्या वेळी तो खाली चपलांच्या दुकानाशी उभा दिसायला लागला. बारीक पाऊस असायचा. त्याच्याकडे छत्री कधीच नसायची.

“तुम्ही मुद्दाम छत्री विसरता,” ती म्हणायची.

“तिकडची पोरं अशीच. बेजबाबदार.”

तो तिला असं चिडवायचा आणि ती मनातून पाघळायची. एकदा त्यानं तिच्या आईचा पत्ता खरोखरच फोनमध्ये लिहून घेतला. तिला वाटलं, गंमत चाललीय.

एका संध्याकाळी बसथांब्याच्या बाकावर बसलेले असताना तो एकाएकी पुढे वाकून बसला. मग त्यानं सांगितलं, तिच्याकडे न बघता.

“त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, सगळे फोनमध्ये डोकं घालून असतात… ते खरं आहे. आमच्या चौकात एकदा माणूस पडला, स्कूटरनं उडवलं त्याला. गर्दी झाली. सगळ्यांनी फोन काढले. मी मागे होतो. मीही काढला, हात उंच करून. मग काय झालंय ते नीट दिसावं म्हणून चित्र मोठं केलं…” त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. “चप्पल ओळखीची होती. बाबांची.”

तिनं त्याच्या बाहीवर हात ठेवला.

“पाय मोडला होता, आता बरे आहेत. मी पुढे धावलो, उचललं, दवाखान्यात नेलं. सगळं केलं. पण बाबा अजून येईल त्याला सांगतात, माझा मुलगा सगळ्यांत आधी धावून आला. दरवेळी मी शेजारी बसून ऐकतो. हे कोणाला सांगितलेलं नाही मी.”

“बरं झालं मला सांगितलंत,” ती म्हणाली. त्या क्षणी तिला तो इतका जवळचा वाटला की बस आली तरी दोघं उठली नाहीत.

दर पंधरवड्याला शनिवारी दुपारी वकीलकाकांकडे आपल्या माणसांची बैठक असे. जेवणं झाली, खुर्च्या गोल मांडल्या की ‘तिकडचं’ सुरू व्हायचं. एकानं रस्त्यांचं काढलं की दुसरा शाळांचं काढी. कुणाचा भाऊ पैसे चारून सुटलेला, कुणाच्या गावचं तळं बुजवून तिथे दुकानं झालेली. ज्याची गोष्ट जास्त वाईट, त्याच्याकडे सगळ्या खुर्च्या वळत. आणि शेवटी सगळेच एक लांब सुस्कारा सोडत. तो सुस्कारा दुःखाचा कमी आणि पोट भरल्याचा जास्त असे, पण हे कोण कोणाला सांगणार?

डॉक्टर त्याला तिथे घेऊन गेली. खरं सांगायचं तर मिरवायलाच घेऊन गेली. यंत्रांतलं कळतं म्हटल्यावर काकूंनी त्याला स्वयंपाकघरातला गळका नळ दाखवायला नेलं आणि बाहेर गप्पांना रंग चढला. डॉक्टरनं आपला जिन्यातला दिवा काढला.

“डॉक्टर, तो दिवा आता पुरे,” वकीलकाका म्हणाले. “ताजं काही असेल तर सांगा.”

सगळे हसले. तिला ते झोंबलं. आणि मग तिच्या जिभेला हाड राहिलं नाही.

“ताजं ऐकायचंय? माझ्या माहितीतला एक मुलगा आहे. रस्त्यात अपघात झाला, तर मदत सोडाच, हा फोन काढून शूटिंग करत उभा. आणि पडलेलं माणूस कोण? याचाच बाप.”

खुर्च्या वळल्या. कोणी “अगं बाई” म्हणालं, कोणी कपाळाला हात लावला. “आता यापुढे काय राहिलं?” काका म्हणाले. आपली गोष्ट सगळ्यांवर भारी पडली, म्हणून एक क्षणभर, फक्त एकच क्षणभर, तिला बरं वाटलं. आणि तिनं मान वळवली.

तो दारात होता. फडक्यानं हात पुसत.

“नळ झाला, काकू,” तो म्हणाला. “आता गळणार नाही.” आणि पायांत बूट घालायला लागला.

ती मागोमाग जिन्यात धावली. “मी नाव नाही घेतलं तुमचं…”

“घ्यायला हवं होतंत.” त्याचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर परवडलं असतं. “म्हणजे पुढचंही मला तिथेच सांगता आलं असतं. तुम्ही अर्धंच सांगितलंत.”

“चुकलं माझं.”

“ते मी तुम्हाला सांगितलं होतं, डॉक्टर. त्यांना नव्हे.”

तो पायऱ्या उतरून गेला. ती तिथेच उभी राहिली, मेल्याहून मेल्यासारखी. वर बैठक पुढे चालूच होती, हसण्याचे आवाज येत होते.

त्यानंतर तो चपलांच्या दुकानाशी दिसला नाही. फोन उचलला नाही. मावशी काही विचारायच्या नाहीत, नुसतं तारखांच्या पानाकडे बघून “दाढवाल्यांची कच्ची कॅप आहे अजून” म्हणायच्या. डॉक्टरला आरशात बघायची लाज वाटायची. लोक निघून गेल्यावर रिकाम्या खुर्चीकडे बघताना तिला बैठकीतला तो सुस्कारा आठवायचा.

तो आला, जायच्या आदल्या दिवशी. “पक्की कॅप बसवायची राहिलीय,” एवढंच बोलला आणि आडवा झाला. मावशींना आतल्या खोलीत एकाएकी फार काम निघालं.

तिनं कॅप बसवली, कापूस ठेवला. “दाबून धरा. सिमेंट घट्ट होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.” मग ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं मास्क काढला.

“पहिल्या दिवशी तुम्हाला कळत नाही असं समजून बोलले होते. आज कळतंय म्हणून बोलते. मी परवा बैठकीत गेले आणि सांगितलं, ती गोष्ट मी सांगायला नको होती, ती माझी नव्हती आणि पूर्णही नव्हती. काका म्हणाले, पण खरी होती ना? मी म्हटलं, अर्धी. मग त्यांनी विषय बदलला. बदलणारच.”

तो छताकडे बघत होता.

“मी कित्येक वर्षांत घरी गेलेली नाही. आई अंधारात जिना चढते आणि मी इथे त्याची गोष्ट करून सांगते. तिकडचं वाईट ऐकलं की मला आतून बरं वाटतं… म्हणजे माझं इथे असणं बरोबर ठरतं. इतकी हलकी आहे मी. तुमचं ते दुःख होतं, आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या.” तिनं हातातले मोजे उतरवले. “आणि त्यात मूर्खपणा असा की ज्याचं मन मोडलं, तोच मला आवडतो. फार आवडतो. उत्तर देऊ नका. सिमेंट ओलं आहे.”

सिमेंट घट्ट झाल्यावर तो उठला, कापूस टाकला, एकदा तिच्याकडे नीट पाहिलं, आणि खाली उतरून गेला. छत्री नव्हतीच.

पुढच्या आठवड्यात दुपारी आईचा फोन आला.

“अगं, जिन्यातला दिवा लागला.”

“कोणी लावला?”

“एक मुलगा आला. स्वतःच दिवा घेऊन आला, शिडी खालच्या पोरांकडून मागून घेतली, ती पोरंही शिडी धरून उभी राहिली बिचारी. त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं गं, तुलाच सांगत बसले. चांगली आहेत पोरं. तुम्हीच तिकडे जाऊन बिघडलात. हा सारखा गालाला हात लावतो. म्हणाला, तुमच्या मुलीनं केलेलं काम आहे, पक्कं आहे. थांब, चहा पितोय, देते.”

कपबशीचा आवाज झाला. मग त्याचा श्वास.

“डॉक्टर.”

तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

“बाबांना सांगितलं मी. खरं काय ते. तुम्ही बैठकीत उभं राहून सांगू शकता, तर म्हटलं आपणही…”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मला ठाऊक होतं. पडल्या पडल्या दिसला होतास, हात उंच केलेला. पण फोन फेकून धावणारा तू एकटाच होतास. बाकीचे तसेच उभे राहिले. म्हणून सांगतो सगळ्यांना.”

तिनं तोंडावर हात धरला. मावशी आतून डोकावल्या आणि पुन्हा आत गेल्या.

“ही गोष्ट कोणाला नाही सांगणार मी,” ती म्हणाली. “शप्पथ.”

“ही सांग,” तो म्हणाला. “पण पूर्ण सांग. आणि त्याआधी इथे ये. बाबांच्या तोंडून ऐक. कधी येतेस?”

आई मागून म्हणत होती, विचार तिला, विचार. तिनं डोळे पुसले आणि मावशींना हाक मारली, की पुढच्या महिन्यातल्या सगळ्या तारखा पुढे ढकला, मी घरी जातेय.