एक्स-रेच्या खोलीतला हात

मी रोज ज्या देवापुढे निरांजन लावते त्याला स्मरून सांगते, हे घडलंय. गेल्या फेब्रुवारीत, इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावाजवळच्या एका हॉस्पिटलात. तेही भर दुपारी.

रुही माझी भाची. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणापासून एकच धोशा, "शुभा मावशी, मी लहान मुलांची डॉक्टर होणार."

आणि ऐनवेळी तिने रेडिओलॉजी निवडली. अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रे बघायचे.

"अगं, पण का?"

"तिथे पेशंट बोलत नाहीत, मावशी."

मग हळूहळू सांगितलं. मुलांच्या वॉर्डात शिकत असताना अनिका नावाची एक पेशंट होती. सहा वर्षांची, न्यूमोनिया झालेली. एक्स-रेच्या टेबलावर तिने रुहीचा हात घट्ट धरला. पण फोटो काढताना खोलीत कुणी थांबत नाही.

"आय ॲम राइट हिअर," रुही म्हणाली.

आणि हात सोडवून भिंतीमागे गेली.

टेक्निशियनने माइकवरून सांगितलं, श्वास रोखून धर.

अनिकाने धरला...

तो धरलाच. टेबलावरून ती परत उठली नाही.

तेव्हापासून रुही जो एक्स-रे बघे, त्याच्या कोपऱ्यात एक छोटा हात असे. नुसती हाडं. बोटं पसरलेली... काहीतरी चाचपणारी.

बाकी कुणाला तो दिसत नसे.

कीर्तनं ऐकत वाढलेली बाई मी. मला भीती नाही वाटली, पोटात तुटलं. "लेकरू घाबरलंय गं. कुणीतरी हात द्यायला हवा त्याला."

रुहीने माझ्या हाताकडे पाहिलं.

"मावशी, तुझा खोकला अजून जात नाही ना? आमच्याकडेच एक्स-रे काढ. मी येते सोबत."

शनिवारी गेलो. मला प्लेटसमोर उभं केलं. टेक्निशियन भिंतीमागे गेला. रुहीही.

"होल्ड युअर ब्रेथ."

मशीनची घरघर थांबली. सगळंच थांबलं.

मी मनातल्या मनात म्हटलं, ये बाळा. धर माझा हात.

...धरला.

बर्फासारखा गार.

मी कशीबशी बाहेर आले. रुही स्क्रीनपुढे उभी होती. कित्येक महिन्यांनी हसत होती.

"क्लिअर आहे, मावशी."

"माझी छाती?"

"सगळंच. कोपरासुद्धा."

मार्चमध्ये तिला रेडिओलॉजीतच जागा मिळाली, लांब ओहायोत. आता फोटो स्वच्छ येतात म्हणे. झोपही लागते.

आमच्याकडे, ओळखीतल्या राजेशच्या घरी, बेसमेंटमध्ये दर महिन्याला कीर्तन असतं. बुवा गजर सुरू करतात, सगळे टाळ्या वाजवतात. माझा डावा हात उचलत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही.

रुहीला फोन केला. म्हटलं, "ती माझा हात सोडत नाही गं."

"मावशी, तूच म्हणाली होतीस ना, कुणीतरी द्यायला हवा?" आवाज अगदी गोड. "चल, मला राउंड आहे."

काल कीर्तनात मी जोर लावून हात ओढून पाहिला.

कानाशी कुणीतरी खोल श्वास घेतला...

अजून सोडलेला नाही.