सरलाकाकूंचा दुसरा प्रोसेसर

सरलाकाकूंना नवा प्रोसेसर मार्चमध्येच मिळाला होता. निदान विमा कंपनीच्या पत्रात तरी तसं लिहिलं होतं.

"आम्ही तो डोळ्यांनीसुद्धा पाहिलेला नाही," विनय म्हणाला. ऑफिस बुडवून, नेपरव्हिलहून बर्फात ड्राइव्ह करत तो आईला शॉमबर्गच्या क्लिनिकमध्ये घेऊन आला होता. काकू बोलणाऱ्यांच्या ओठांकडे पाहत पर्सची चेन सारखी उघडत-मिटत होत्या.

स्वानंदीने पत्र पुन्हा वाचलं. ती इथे बिलिंगमध्ये कोडिंग करायची. नोंदी वाचून आजाराला आणि उपचाराला ठरलेले कोड लावायचे, मग विमा कंपनी मंजुरी देते. काकू दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. सहा वर्षांपूर्वी डाव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट बसवलं. तेव्हापासून कानामागे प्रोसेसर लावला की ऐकू यायचं. तो गेल्या आठवड्यात बंद पडला. विम्यातून नवा मिळतो पाच वर्षांतून एकदाच, आणि तो म्हणे देऊन झाला होता.

"विमावाल्यांना वाटतंय आम्हीच तो विकला. चौकशी संपेपर्यंत काही मिळणार नाही," विनय म्हणाला. "परवा डाळ करपली, स्मोक अलार्म कोकलत होता आणि आई पलीकडे पुस्तक वाचत बसलेली. शेजाऱ्यांनी खिडकीतून हात हलवले तेव्हा कळलं तिला."

स्वानंदीने कागदावर लिहिलं, 'मार्चमध्ये प्रोसेसर बिघडला होता का?'

"नाही गं, छान चालू होता," काकू गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तू नाही ना विकलास?"

विनयचा चेहरा उतरला.

ते गेल्यावर स्वानंदीने जुना क्लेम उघडला. कोड होता 'यंत्राचा बिघाड'. लावणारी ती स्वतःच.

कोडमागची नोंद चार ओळींची होती. 'नऊ मार्च. पेशंटचा फोन. कालपासून काहीच ऐकू येत नाही म्हणाल्या. प्रोसेसर बदलून हवा.' पुढे, 'प्रोसेसर पेशंटने स्वतः नेला.' त्यानंतर थेट गेल्या आठवड्यापर्यंत काकूंची एकही व्हिजिट नव्हती. नोंदीला लॉगिन आसावरीताईंचं, म्हणजे पेशंटचं ऐकणं तपासणाऱ्या ऑडिऑलॉजिस्टचं.

स्वानंदी उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"ताई, ही नोंद तुमची?"

"लॉगिन माझं. नोंद नाही." आसावरीताईंनी चष्मा काढला. "मी पेशंटबरोबर आत असते, बाहेर स्क्रीन उघडी राहते. चूक आहे माझी."

"स्क्रीनपाशी कोण बसतं?"

"कोणीही. परीक्षित, रिसेप्शन, कधी तूसुद्धा."

परीक्षित यंत्रं मागवायचं काम बघायचा. चार वर्षं दोघं एका टेबलावर जेवत होती. त्याने डबा तिच्याकडे सरकवला. तिने घेतलं नाही.

"मार्चमधली सरलाकाकूंची ऑर्डर आठवते?"

"हो यार. फोन मीच घेतला, ताईंना सांगितलं."

"फोन विनयचा होता?"

"छे, काकूच होत्या. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. बराच वेळ समजावलं मी, दोन आठवड्यांत नवा येईल म्हणून."

"आणि न्यायला?"

"त्याच आल्या. पुढे मुलाने काय केलं, मला काय माहीत?"

स्वानंदीने मार्चमधल्या त्या प्रोसेसरचा नंबर तो बनवणाऱ्या कंपनीला पाठवला. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. क्लिनिकचे प्रमुख डॉ. संजीव यांनी स्वानंदीला, परीक्षितला आणि आसावरीताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"काकूंनी फोन केलाच नव्हता," स्वानंदी म्हणाली. "प्रोसेसर बंद असला की त्यांना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. मी त्यांच्याशी कागदावर बोलले. मग त्या परीक्षितचं समजावणं फोनवर बराच वेळ कशा ऐकत होत्या? ताई वीस वर्षं अशाच पेशंटमध्ये आहेत, त्या असं लिहिणार नाहीत. दिवसभर फोन घेणाऱ्याने ते सवयीने लिहिलं. आणि मी सवयीने कोड लावला."

"मुलाने केला असेल फोन," परीक्षित म्हणाला. "माझा गोंधळ झाला असेल."

"मी तेच विचारलं होतं. तू छे म्हणालास. बरं, नवा प्रोसेसर पेशंटला जुळवून द्यावा लागतो, ते ताईच करतात. काहीच ऐकू न येणारी बाई खोका घेऊन जाते आणि नऊ महिने तो लावून घ्यायला येत नाही?"

तिने कंपनीचं उत्तर टेबलावर ठेवलं.

"तो प्रोसेसर एप्रिलपासून टेक्ससमध्ये, अर्विंगला, एका माणसाच्या कानामागे आहे. जाहिरात वाचून त्याने तो विकत घेतला, आणि तिथे जुळवून घेताना नंबर कंपनीकडे नोंदला गेला. विकणाऱ्याचं नाव त्याने कंपनीला सांगितलंय, परीक्षित."

परीक्षित टेबलाकडे पाहत राहिला. "काकूंचा जुना चालू होता. पाच वर्षं झालेली, हक्क वायाच जात होता. त्या माणसाला इन्शुरन्सने तीनदा नाकारलं होतं यार."

"मग फुकट दिलास त्याला?"

डॉ. संजीवांनी पोलिसांना फोन लावला.

विमा कंपनीचं खुलाशाचं पत्र स्वानंदीने स्वतः लिहिलं, त्यात आपलीही चूक लिहिली. मग परीक्षितच्या सगळ्या ऑर्डर्स उपसायला घेतल्या. आणखी दोन तशाच निघाल्या.

गुरुवारी आसावरीताईंनी काकूंच्या कानामागे नवा प्रोसेसर बसवला आणि चालू केला. काकूंनी आधी मुलाकडे पाहिलं.

"तुझ्यावर संशय घेतला रे मी."

"जाऊ दे, आई," विनय अगदी हळू म्हणाला.

"काय म्हणालास? परत म्हण."

त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. तरी त्यांनी त्याला तीनदा म्हणायला लावलं.