मंदाताईंचं नामखत

चांद्रवसाहतीच्या हरितगृहात डॉ. मुलाणींनी आपल्या भोपळ्याला पुन्हा एकदा थोपटलं. भोपळा होताच तसा. वेलाखाली बांधलेल्या जाळीत तो ऐसपैस बसला होता, आणि डॉक्टर त्याच्याशेजारी नातवाचं कौतुक सांगणाऱ्या आजोबांसारखे उभे होते.

"मंदाताई, तुमच्या वेलाची निदान भाजी तरी करा. पानं झकास आलीत!"

मंदाकिनी दाभाडे हसल्या नाहीत. त्या वसाहतीच्या प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि त्यांच्याच वेलाला एकही भोपळा नाही, ही चेष्टेची गोष्ट होतीच. पण आज त्यांचं मन चेष्टेत नव्हतं. पृथ्वीकडे जाणारं यान परवा निघणार होतं, आणि त्यात जागा मिळायला डॉक्टरांची सही हवी होती.

चंद्राच्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणात हाडं झिजतात. फार झिजलेल्या माणसाला पृथ्वीवरचं स्वतःचं वजनच पेलत नाही, म्हणून त्याला परत पाठवत नाहीत. मागच्या तपासणीत मंदाताई नापास झाल्या होत्या. तेव्हापासून वर्षभर त्या नवा अस्थिभरण उपचार नेमाने घेत होत्या. तो लागू पडला की नाही हे सांगणारा अस्थिमापक मात्र ऐन वेळी बिघडला होता, आणि त्याचा सुटा भाग यायला आणखी एक वर्ष लागणार होतं. त्या इथे आल्या तेव्हा त्यांची मुलगी रेवा शाळेत होती. आता ती नोकरीला लागली होती. पडद्यावर रोज बोलणं व्हायचं, पण पडद्याला मिठी मारता येत नाही.

"सही करा ना, डॉक्टर."

"मोजल्याशिवाय कशी करू, ताई? तिथे उतरताना मांडीचं हाड मोडलं, तर रेवाला काय तोंड दाखवू मी?"

मंदाताईंनी आपला खताचा डबा उचलला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. "याच्याकडे बघा! पुन्हा नऊ-दोन-पाच!"

वसाहतीत भोपळ्यांसाठी खत पृथ्वीवरून येत नसे. प्रत्येकाच्या मूत्रातून पाणी काढून घेतल्यावर उरणारा अर्क त्याच्याच वेलाला घालायचा, अशी रीत होती. डब्यावर माणसाचं नाव आणि तीन आकडे असत. याला सगळे नामखत म्हणत. आपल्या नामखतावर भोपळा पोसायचा आणि वसाहत सोडताना त्याचे घारगे सर्वांना खाऊ घालायचे, ही इथली हौस.

"हे आकडे मला कधी कळलेच नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"शंभर भागांत नत्र नऊ, स्फुरद दोन, पालाश पाच. नत्राने पानं फोफावतात, स्फुरदाने मुळं धरतात आणि फुलं येतात, पालाशाने फळ भरतं. माझं नत्र सगळ्यांइतकंच आहे, पण स्फुरद निम्मं. बहुतेकांचं चार असतं. मग वेल पानांतच रमणार, दुसरं काय करणार तो?"

"उडून जात असेल."

"नत्र उडतं, डॉक्टर. स्फुरद नाही उडत. आत गेलं तेवढं कुठेतरी असायलाच हवं. मी गाळण्या उघडून पाहिल्या, टाकी खरवडून पाहिली. कुठेच साचलेलं नाही. शिधा सगळ्यांचा सारखा, आणि मी तो पुरता संपवते."

"मूत्रपिंडं? नाही, ती ठणठणीत आहेत. परवाच तर तपासली."

"आणखी एक गंमत. शिध्यातलं स्फुरद जसंच्या तसं बाहेर पडलं, तर आकडा तीन यायला हवा."

"मग बहुतेकांचा चार कसा?"

"वरचं एक..." मंदाताई बोलता बोलता थांबल्या.

डॉक्टरांचा भोपळ्यावरचा हातही थांबला. माणसाच्या शरीरातलं बहुतेक स्फुरद कुठे असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"हाडांतून," ते म्हणाले. "सगळ्यांची हाडं झिजतायत, म्हणून चार. आणि तुमचं तीनच्याही खाली! ताई, खाल्लेलं स्फुरद तुमचं शरीर ठेवून घेतंय. हाडं भरतायत तुमची!"

मूत्रातून पाणी काढणाऱ्या यंत्राच्या स्मृतीत वर्षभराचे आकडे होते. दोघांनी खाली बसून बेरीज केली, चुकली म्हणून पुन्हा केली. गमावलेलं जवळजवळ सगळं हाड परत आलं होतं. डॉक्टरांनी तिथेच सही ठोकली. मंदाताईंना रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही आवरेना. वर्षभर त्यांनी त्या बिचाऱ्या वेलाला नाही नाही ते ऐकवलं होतं.

डोळे पुसताना त्यांची नजर त्या राक्षसी भोपळ्यावर गेली.

"डॉक्टर, तुमचा डबा बघू."

डब्यावर आकडे होते, नऊ-सहा-पाच.

"तुम्ही उपचार घेता ना?"

"म्हणजे काय! रोज मीच तर देतो की."

"देता हो. घेता का?"

डॉक्टरांनी डबा हळूच भोपळ्यामागे सरकवला.

निरोपाच्या जेवणात मंदाताईंनी आपल्या वेलाच्या पानांची भाजी वाढली आणि घारगे डॉक्टरांच्या भोपळ्याचे झाले. सगळ्यांनी बोटं चाटली. डॉक्टरांना मात्र प्रत्येक घास आपल्याच गुडघ्यातला वाटत होता.

वर्षभराने पृथ्वीवरून एक छायाचित्र आलं. एका टेकडीवर मंदाताई स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या आणि रेवाने त्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. डॉक्टरांनी लगेच आपलंही छायाचित्र पाठवलं. त्यात हिरव्यागार पानांचं नुसतं रान माजलं होतं, आणि मधोमध उभे राहून डॉक्टर एका पानाला थोपटत होते.

खाली त्यांनी लिहिलं होतं, "ताई, एकही भोपळा नाही!"