ओढ्यापलीकडची शीळ

एमेटनं बंदूक पुसली, खिशात गोळ्या टाकल्या आणि मेहुण्याला म्हणाला, "ऊठ. निघू."

लेलँड बटाटे सोलत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "दाजी, यंदा राहू द्या."

"का? आग ओढ्यापलीकडंच थांबली. वनखात्यानं रस्ता उघडलाय. अलीकडची डोंगरधार हिरवीगार आहे."

"हिरवी आहे, पण तिथं जी जनावरं आलीत ती जीव घेऊन पळून आलीत. खूर भाजलेत त्यांचे. असल्यांना मारायचं?"

"मग काय मलम लावत बसू?"

चुलीपाशी उभी असलेली ट्रीना, एमेटची बायको, हसली. मग भावाकडं बघून चुलीकडं वळली.

एमेटचं डोकं तापलं. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. आयडाहोच्या त्या डोंगरात एक मारलं की हिवाळ्याच्या मांसाची चिंता मिटते. पण परवाना सोडतीत निघतो. या धारेसाठी त्यानं तरणा असल्यापासून अर्ज भरले, आणि निघाला तो या आगीच्या वर्षी. पुन्हा निघेपर्यंत गुडघे तरी राहतील का?

"तू नुसती शीळ घाल. गोळी मी घालतो. पाप माझ्या डोक्यावर."

"नाही."

"मग सोल बटाटे! पोळ्या पण लाट!"

दार आपटून तो एकटाच निघाला. नुसतं बघून येऊ, मारायचं का नाही ते तिथं ठरवू, असं स्वतःला सांगत.

हे काम तसं दोघांचं. एक बंदूक घेऊन पुढं बसतो. दुसरा मागं लपून नळीतून नर एल्कसारखी शीळ घालतो. खरा नर बिचकून थांबला, की शीळवाला आणखी थोडा मागं सरकतो आणि पुन्हा घालतो. नराला वाटतं, गडी पळतोय. मग तो चवताळून येतो, आणि थेट गोळीपुढं. लेलँड यात उस्ताद. फक्त त्याचा दम अपुरा पडायचा. शीळ संपली की बारीक खोकला यायचा.

भर दुपार होती, पण धुरानं सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला होता. एक पाखरू बोलत नव्हतं. ओल्या राखेचा वास नाकात बसला होता.

तेवढ्यात झाडीतून शीळ आली. लांब, वर चढत जाणारी. आणि शेवटी खोकला.

"आला म्हणायचा!" एमेटचा राग निम्मा उतरला. तो आवाजाकडं निघाला.

शीळ पुन्हा आली. जरा लांबून.

"अरे थांब की लेका! रुसलेल्या नवरीसारखा कुठं पळतोस?"

पुन्हा शीळ. आणखी लांबून. मग खोकला.

पायाखाली मऊ लागलं म्हणून त्यानं खाली बघितलं. राख. घोट्यापर्यंत. बूट वरून ओले होते... म्हणजे ओढा कधीच ओलांडला होता. चहूकडं नुसते काळे बुंधे.

समोर नर उभा होता. शिंगांचा हा एवढा पसारा. सवयीनं बंदूक खांद्याला गेली. नर हलला नाही. एमेट जवळ गेला, आणि बंदूक आपोआप खाली आली.

कातडं नव्हतं. कोळसा होता. झाडांची मुळं जळून खाली खड्डा झालेला, त्यात छातीपर्यंत रुतून उभ्या उभ्या भाजला होता. मान पुढं ताणलेली. त्याच्या पुढं दुसरा, त्याच्याही पुढं तिसरा. आगीपासून लांब नाही, सगळे आगीच्या पोटात निघाले होते. माना एकाच दिशेला.

त्या दिशेनं शीळ आली. मग खोकला.

एमेटनं पाऊल टाकलं. टाकायचं नव्हतं, तरी टाकलं. जमीन खचली, राखेखालून लाल निखारा दिसला. तो उडी मारून मागं आला आणि जो पळत सुटला तो घरातच थांबला.

लेलँड टेबलाशीच होता. ट्रीनानं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. एमेटच्या बुटांचे तळ वितळून जमिनीला चिकटत होते.

"शिकार नाही," तो धापा टाकत म्हणाला. "यंदा नाही. कधीच नाही. परवाना चुलीत घाल."

लेलँडचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "दाजी... तुम्ही आत्ता आलात?"

"मग?"

"मग मघापासून गोठ्यामागून हाका कोण मारतंय? 'ये की लेका, एकट्याला शिकार उचलत नाही'... तुमचाच आवाज."

"दोनदा दारातून ओढून आणला त्याला," ट्रीना म्हणाली. "मला तर काहीच ऐकू येत नाही."

एमेटनं दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभा राहिला. "कुणी हलायचं नाही."

बाहेर शीळ वाजली. शेवटी खोकला. समोर लेलँड तोंड मिटून बसलेला.

"ऐकलंत?" लेलँड कुजबुजला. "तुम्हीच बोलावताय..."

पुन्हा शीळ. या वेळी जरा लांबून.

लेलँडची खुर्ची सरकली. ट्रीना किंचाळली, पण भावाकडं बघून नाही. ती एमेटच्या हाताकडं बघत होती. त्यानंही खाली बघितलं.

कडी त्यानं कधीच काढली होती.